ट्रॅक्टरचे आच्छादन : रंग न ओरखडता निवड आणि वापर

शेतकऱ्याच्या दारी आलेला ट्रॅक्टर ही बहुधा कर्ज काढून घेतलेली वस्तू असते. बैलजोडीप्रमाणे त्यास रोज वैरण घालावी लागत नाही हे खरे. परंतु वर्षातील पुष्कळ दिवस तो एका जागी उभा असतो, आणि उभ्या ट्रॅक्टरचीही झीज होत असते, ही गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. नांगरट, पाळी, पेरणी व वाहतूक आटोपली म्हणजे तो अंगणात, बांधावरील झाडाखाली अगर गोठ्याच्या आडोशाला उभा केला जातो. तेथे ऊन, पाऊस, दव, धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा यांचा मारा त्यावर चालूच राहतो. यापासून बचाव व्हावा म्हणून मालक हाताशी असेल ते कापड त्यावर टाकतो. हेतू चांगला असतो. तथापि आच्छादनाची निवड चुकली किंवा ते घालण्याची रीत चुकली, तर त्याच आच्छादनाने उघड्यावरील हानीहून अधिक हानी होते.

पावसाळा संपल्यावर एका गावी एकाच आळीतील दोन ट्रॅक्टर पाहण्यात आले. दोन्ही एकाच वर्षी घेतलेले होते. पहिला पत्र्याच्या साध्या पडवीत, तीन बाजूंनी उघडा उभा होता. त्यावर धूळ होती, पण रंग शाबूत होता. दुसऱ्यावर मालकाने प्लॅस्टिकचा नवा जाड कागद आणून तो सुंभाने चार महिने घट्ट आवळून ठेवला होता. कागद काढला तेव्हा बॉनेटवर पांढुरक्या बारीक रेघांचे जाळे उमटलेले दिसले. मडगार्डच्या कडेला रंगाखाली फोड आले होते, कागदाची आतील बाजू ओली होती आणि दिव्यांच्या वायरचे आवरण उंदरांनी कुरतडलेले होते. “एवढी काळजी घेतली, तिचे हे फळ काय?” असे मालक खेदाने म्हणाला. काळजीत कसूर नव्हती. कसूर रीतीत होती. ती रीत कोणती असावी, याचा विचार या लेखात केला आहे.

रंग केवळ शोभेकरिता नसतो

लोखंडाला हवा आणि पाणी ही दोन्ही एकत्र मिळाली म्हणजे ते गंजते. मीठ किंवा खताचा क्षार यांची जोड मिळाल्यास गंजण्याची क्रिया अधिक वेगाने होते. पत्रा व हवा यांच्यामध्ये रंगाचा थर असेतोवर पत्रा सुरक्षित राहतो. शेताला जसे कुंपण, तसा पत्र्याला रंग होय. मात्र हे कुंपण फार पातळ असते. मोटारीच्या पत्र्यावरील सर्व थर मिळून रंगाची जाडी साधारणतः एक दशांश मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे वहीच्या एका कागदाएवढी असते.

उथळ ओरखड्याने प्रथम केवळ चकाकी जाते. तोच ओरखडा पुनःपुन्हा घासला गेला म्हणजे खोल जातो आणि पत्रा उघडा पडतो. तयार होणारा गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो, म्हणून तो आजूबाजूचा रंगही उचलतो. गव्हावरील तांबेरा एका पानावरून शेतभर पसरावा, तसा हा गंज एका ठिपक्यापासून कडेकडेने वाढत जातो. पुढे ट्रॅक्टर विकावयाची वेळ आली म्हणजे घेणारा प्रथम बॉनेट व मडगार्ड पाहतो आणि त्यावरून किंमत पाडतो. इंजिन उत्तम असले तरी हा तोटा मालकास सोसावा लागतो.

ओरखडा कापडाने पडत नाही, धुळीने पडतो

पुष्कळांची समजूत अशी असते की, खरबरीत कापडाने ओरखडे पडतात व मऊ कापडाने पडत नाहीत. ही समजूत अर्धीच खरी आहे. खरा अपराधी म्हणजे कापड आणि रंग यांच्यामध्ये सापडलेला धुळीचा कण. खनिजांची कठीणता मोजण्याचे मोहस यांचे एक ते दहा असे कोष्टक आहे. त्यात वाळूतील गारगोटीची कठीणता ७ आहे. आपल्या काळ्या पाषाणातील मुख्य खनिजांची कठीणता ६ च्या आसपास, तर खिडकीच्या काचेची सुमारे साडेपाच धरली जाते. म्हणजे शेतरस्त्यावरील धुळीत काचेवरही रेघ ओढू शकतील असे कण असतात. रंग तर काचेपेक्षा पुष्कळच मऊ आहे.

अशी धूळ बॉनेटवर बसलेली असताना त्यावर आच्छादन ओढले, की ते कापड पॉलिश कागदाचे काम करते. पुढे रात्रभर वारा सुटला आणि सैल कापड फडफडत राहिले, तर प्रत्येक फडफडीसरशी एक घासणी होते. म्हणून तीन गोष्टी मनाशी पक्क्या कराव्यात. मळक्या यंत्रावर आच्छादन घालू नये. आच्छादन ओढू नये. आणि ते फडफडू देऊ नये.

काही चालक चकाकी यावी म्हणून पत्र्यावर डिझेलचा बोळा फिरवितात. ही सवय सोडून द्यावी. डिझेलच्या ओशट थरावर धूळ चिकटून बसते आणि पुढील घासणीस साधन मिळते. शिवाय डिझेल रबरी नळ्यांस व टायरांस अपायकारक आहे.

आतील ओल

ओरखड्याइतकाच दुसरा शत्रू म्हणजे कोंडलेली ओल. दिवसा जमिनीतून वाफ निघते. रात्री पत्रा थंड होतो आणि त्या वाफेचे दव बनते. उघड्या यंत्रावरील दव सकाळच्या उन्हात वाळून जाते. परंतु हवाबंद प्लॅस्टिकखाली ते वाळू शकत नाही. तेच पाणी पत्र्याच्या सांध्यांत, नटबोल्टांखाली व दिव्यांच्या जोडांत जाऊन बसते. पाऊस बाहेर ठेवणारे आच्छादन आतील वाफही बाहेर जाऊ देते की नाही, हे पाहणे म्हणूनच अगत्याचे आहे.

कापडाची निवड

प्लॅस्टिकचा साधा कागद : हा स्वस्त असतो व पाणी पूर्णपणे अडवितो, परंतु वाफही तितकीच अडवितो. उन्हाने तो लवकर ठिसूळ होतो. यंत्राच्या अंगावर तो दीर्घकाळ ठेवू नये.

विणलेल्या प्लॅस्टिकची ताडपत्री : हिचा दर्जा प्रति चौरस मीटर किती ग्रॅम वजन, यावर सांगितला जातो. जड ताडपत्री अधिक टिकते. सूर्यकिरणांस तोंड देण्याची प्रक्रिया केलेली ताडपत्री मागून घ्यावी. ती अंगावर घालण्यापेक्षा मांडवावर छप्पर म्हणून घालणे अधिक हितावह असते.

मेणकापडी किंवा कॅनव्हासची ताडपत्री : ही मजबूत असून वाफ काही अंशी बाहेर जाऊ देते, पण ती जड व खरबरीत असते. तिला लावलेल्या मेणाचे डाग उन्हात रंगावर उतरण्याचा संभव असतो. हिला आतून सुती अस्तर शिवून घ्यावे.

लेप दिलेले पॉलिएस्टर कापड : मोटारींकरिता तयार मिळणारी बरीच आच्छादने या प्रकारची असतात. ती हलकी असतात, पाऊसही बऱ्यापैकी अडवितात. मात्र लेपामुळे वाफ फारशी बाहेर जात नाही. आतून मऊ अस्तर आणि बाजूंना झाकलेले वायुमार्ग असलेले आच्छादनच निवडावे.

अनेक थरांचे न विणलेले कापड : हे आतून मऊ असते व त्यातून वाफ जाऊ शकते. उन्हात व काटेरी जागी ते फार टिकत नाही. छपराखाली उभ्या केलेल्या गाडीस हे उत्तम.

गोणपाट, जुनी वाकळ किंवा गोधडी : ही घरातच असल्याने सहज टाकली जातात. गोणपाटाच्या धाग्यांत माती रुतलेली असते. गोधडी मऊ खरी. पण ती पावसात भिजली म्हणजे दिवसेंदिवस ओली राहते आणि ओल्या पोटिसाप्रमाणे पत्र्यास बिलगते. खताचे रिकामे पोते तर कदापि वापरू नये, कारण त्यास लागलेला क्षार हवेतील ओल शोषून पत्र्यावर आणतो.

गावात करून दाखविण्याजोगी प्रात्यक्षिके

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पुढील प्रयोग शेतकऱ्यांसमोर करून दाखवावेत. त्यांस खर्च नाही.

(१) धुळीचा प्रयोग : निकामी झालेली एक सीडी घ्यावी. तिच्या चकचकीत बाजूच्या अर्ध्या भागावर स्वच्छ मऊ कापड वीस वेळा घासावे. दुसऱ्या अर्ध्या भागावर रस्त्यावरील चिमूटभर धूळ टाकून तेच कापड वीस वेळा घासावे. सीडी उन्हात तिरपी धरून सर्वांस दाखवावी. कापड तेच असूनही दोन भागांत किती अंतर पडले, हे पाहणाऱ्यास व्याख्यानावाचून कळते.

(२) वाफेचा प्रयोग : दोन पेल्यांत कढत पाणी घ्यावे. एका पेल्याच्या तोंडावर प्लॅस्टिकचा कागद व दुसऱ्याच्या तोंडावर निवडावयाचे कापड ताणून बांधावे. प्रत्येकावर थोड्या अंतराने स्टीलची थंड ताटली धरावी. कापडातून वाफ जात असल्यास त्यावरील ताटली धुरकट होते. प्लॅस्टिकवरील ताटली कोरडी राहते आणि पाण्याचे थेंब कागदाच्या आतील बाजूस जमतात.

(३) पाण्याचा प्रयोग : कापडाचा द्रोण करून त्यात पाणी ओतावे व दहा मिनिटे थांबावे. खाली हात लावून ओल पाहावी. शिवणीवरही हाच प्रयोग करावा, कारण पाणी बहुधा शिवणीतून झिरपते.

माप आणि शिवण

ताडपत्री विकत घेण्यापूर्वी यंत्राचे माप घ्यावे. समजा, ट्रॅक्टरची लांबी साडेतीन मीटर, मागील मडगार्डांवरील रुंदी १.८ मीटर आणि सर्वसाधारण उंची दीड मीटर आहे. आच्छादनाचा काठ जमिनीपासून सुमारे एक फूट वर राहावा, म्हणजे खालून हवा खेळती राहते. त्या हिशेबाने प्रत्येक बाजूस १.२ मीटर कापड खाली उतरेल. एकूण लांबी ५.९ मीटर व रुंदी ४.२ मीटर होईल. बाजारातील मापात हे सुमारे २० फूट बाय १४ फूट होते. प्रत्येकाने आपल्या यंत्राचे माप घेऊन याच रीतीने हिशेब करावा.

सायलेन्सर, आरसे व दिवे जेथे टेकतात, तेथे आच्छादनास आतून सुती कापडाचे दुहेरी ठिगळ शिवून घ्यावे. आच्छादन फाटते ते याच ठिकाणी. दोरी ओवण्याच्या धातूच्या कड्या काठाशीच असाव्यात आणि त्या रंगीत पत्र्यावर येणार नाहीत अशी खबरदारी घ्यावी. बांधण्यास रुंद सुती पट्टी वापरावी. नायलॉनची बारीक दोरी बॉनेटवरून आडवी आवळल्यास तिच्याखाली रंग हमखास घासला जातो.

उभे करण्याची जागा

जागा चांगली असेल तर आच्छादनाचे निम्मे काम जागाच करते. मुरूम टाकून धुमस केलेली, पाणी न साचणारी उंच जागा निवडावी. ओल्या मातीवर किंवा गवतावर यंत्र उभे केल्यास जमिनीची वाफ आच्छादनाखाली कोंडते. आंब्याला मोहोर असताना त्याखाली ट्रॅक्टर ठेवू नये. तुडतुड्यांनी टाकलेला मधासारखा चिकट पदार्थ पत्र्यावर पडतो व त्यावर धूळ बसते. कोकणात नारळाच्या झाडाखाली यंत्र ठेवण्यातील धोका सांगावयास नकोच. रासायनिक खते जेथे साठविली आहेत, तेथेही ट्रॅक्टर ठेवू नये. गोठ्यातील मूत्राच्या वाफेत अमोनिया असतो आणि त्याने तांब्यापितळेचे जोड खराब होतात, म्हणून गोठाही टाळावा.

सर्वांत उत्तम आच्छादन कोणते, असे विचारल्यास रंगास न टेकणारे, हेच त्याचे उत्तर आहे. बांबूचा किंवा जुन्या नळांचा सांगाडा उभारून त्यावर ताडपत्री ताणावी. सायलेन्सरच्या टोकापासून किमान एक फूट अंतर ठेवावे. छप्पर एका बाजूस उतरते असावे, म्हणजे पाण्याची पखाल भरत नाही. पावसाळी वारा आपल्याकडे मुख्यतः नैर्ऋत्य व पश्चिम दिशांनी येतो, म्हणून त्या बाजूस कूड किंवा तट्टे लावावे आणि उरलेल्या बाजू मोकळ्या ठेवाव्यात. ज्याचा ट्रॅक्टर रोज कामावर जातो, त्याने असे छप्परच करावे. रोज धुळीने माखून येणाऱ्या यंत्रावर रोज कापड घालणे म्हणजे रोज रंग घासणे होय.

आच्छादन घालण्याची रीत

ट्रॅक्टर आठ दिवसांहून अधिक काळ उभा राहावयाचा असल्यास पुढील क्रम पाळावा.

(१) इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. प्लॅस्टिक साधारणतः ११० ते १३५ अंश सेल्सिअसला वितळते, आणि कामावरून आलेल्या इंजिनाची धुराची नळी त्याहून पुष्कळ अधिक तापलेली असते. सायलेन्सरवर तळहात निवांत टेकविता येईल तेव्हाच आच्छादनास हात घालावा. घाई केल्यास आग लागण्याचा धोका आहे.

(२) यंत्र सावलीत धुवावे. प्रथम भरपूर पाणी सोडून माती भिजू द्यावी व वाहून जाऊ द्यावी. कोरडी माती फडक्याने पुसू नये. मग सौम्य साबणाच्या पाण्यात मऊ सुती फडके बुडवून वरून खाली पुसावे. फडके खळबळण्यास निराळी बादली ठेवावी, म्हणजे निघालेली वाळू पुन्हा पत्र्यावर जात नाही. पक्ष्यांची विष्ठा असल्यास ती ओल्या फडक्याने भिजवून मऊ झाल्यावरच उचलावी.

(३) यंत्र पूर्ण वाळू द्यावे. सांध्यांत पाणी राहते, म्हणून शक्य असल्यास एक दिवस उन्हावाऱ्यात ठेवावे.

(४) रंग उडालेली जागा पॉलिश कागदाने घासून गंज काढावा, रेड ऑक्साइडचा हात द्यावा व वाळल्यावर रंग लावावा. नवीन रंग दिलेल्या भागावर लगेच आच्छादन घालू नये. रंगाऱ्याने सांगितलेली मुदत पाळावी. ती ठाऊक नसल्यास सुमारे महिनाभर थांबावे. रंग नसलेल्या चकचकीत दांड्यांस ग्रीस लावावे.

(५) सायलेन्सरच्या तोंडावर पत्र्याचा डबा पालथा घालावा. बॅटरीची तार काढावयाची असल्यास ऋण बाजूची तार प्रथम काढावी.

(६) आच्छादन झटकून, आतील बाजू हाताने तपासून घ्यावे. त्यात कुसळ, काटा किंवा खडा राहिलेला नसावा.

(७) गुंडाळी ट्रॅक्टरच्या मध्यावर ठेवून दोघांनी दोन बाजूंस उभे राहावे. ती पुढे व मागे उलगडीत न्यावी आणि मग बाजू खाली सोडाव्यात. कापड उचलून ठेवावयाचे असते, ओढावयाचे नसते, हे येथील मर्म आहे.

(८) पट्ट्या खालून सांगाड्यास बांधाव्यात. ब्रेकच्या नळ्या, तेलाच्या नळ्या किंवा वायर यांस बांधू नयेत. कापड अंगाला बसेल इतके ताणावे. आवळू नये आणि सैलही सोडू नये.

काढण्याची व ठेवण्याची रीत

आच्छादन काढताना प्रथम त्यावरील धूळ मऊ झाडूने हलकेच झाडावी. दोन्ही बाजू वर उचलून माथ्यावर घडी घालाव्यात, म्हणजे धुळीची बाजू धुळीच्या बाजूस मिळते. मग मागून पुढे गुंडाळत यावे. आतील बाजू जमिनीस टेकू देऊ नये. गुंडाळी सुती पिशवीत घालून खुंटीस अडकवावी. ओले आच्छादन घडी करून ठेवल्यास त्यास बुरशी येते. ते महिन्यातून एकदा साध्या पाण्याने धुऊन दोरीवर वाळवावे.

पावसाळ्यात उघडीप मिळेल त्या दिवशी आच्छादन काढावे. यंत्र आणि कापड दोन्ही निरनिराळी वाळवावीत. कोकणात पाऊस साधारणतः अडीच हजार मिलिमीटरहून अधिक पडतो आणि किनाऱ्यावरील हवेत मिठाचा अंश असतो. तेथे अंगावरील आच्छादनापेक्षा छपरावरच भर द्यावा व यंत्र वरचेवर गोड्या पाण्याने धुवावे. देशावरील अवर्षणाच्या पट्ट्यात पावसापेक्षा ऊन व धूळ यांचा त्रास अधिक. तेथे जलरोधकतेपेक्षा मऊ अस्तर व वाऱ्यास दाद न देणारी बांधणी यांस महत्त्व द्यावे.

मोटार, जीप अगर मोटारसायकल असल्यास हेच नियम लागू आहेत. मोटारीचा रंग अधिक चकचकीत असल्याने तिच्यावरील बारीक रेघाही उन्हात उठून दिसतात. तिच्यासाठी त्या गाडीच्या मापाचेच आच्छादन घ्यावे. मोठे घेतल्यास ते वाऱ्याने फडफडते.

जिवाची दक्षता

दीर्घकाळ झाकलेल्या यंत्राखाली साप, विंचू व उंदीर आसरा घेतात. आच्छादन काढताना प्रथम काठीने काठ उचलून खाली पाहावे. एकदम हात घालू नये. इंजिन सुरू करण्यापूर्वी वायर तपासाव्यात आणि सायलेन्सरवरील डबा काढला असल्याची खात्री करावी. आच्छादन अंगावर असताना किंवा बंद खोलीत इंजिन चालवू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायूस वास नसतो, आणि तो प्राणघातक आहे. झाकलेल्या यंत्राशेजारी कडबा किंवा उसाचे पाचट रचू नये.

सारांश असा की, आच्छादन हे धुण्याच्या मेहनतीस पर्याय नव्हे. ती मेहनत झाल्यावर तिचे रक्षण करणारे ते साधन आहे. यंत्र स्वच्छ व कोरडे असावे, कापड मऊ व वाफ सोडणारे असावे, ते उचलून घालावे आणि बेताने बांधावे. हे जमण्यासारखे नसेल, तर अंगावर काही न टाकता डोक्यावर साधे छप्पर करावे. तेच अधिक बरे. प्रारंभी सांगितलेल्या शेतकऱ्याने पुढे तेच केले. त्याच कागदाऐवजी एक ताडपत्री आणि घरच्या बेटातील बांबू, एवढ्यावर त्याचे छप्पर उभे राहिले. यंत्रावर घातलेला पैसा यंत्राच्या हप्त्यांबरोबर संपत नाही. हप्ते फिटल्यावरही जे यंत्र चांगल्या स्थितीत दारी उभे असते, तेच खऱ्या अर्थाने शेतकऱ्याच्या मालकीचे होते.